गाडीमागचा डबा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात माझ्या डब्याची हकीकत छापून आली आणि संपादकांनी पत्रांची पिशवीच आमच्या पडवीत आणून टाकली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं हात काळे केल्यावर निवृत्तीच्या पैशातून मी एक राहण्याजोगा ट्रेलर केला. चासी मंजुरीच्या कागदांसकट तयार घेतली, वरचा डबा हर्णैला होड्यांना फायबर मारणाऱ्या कारागिराकडून बांधून घेतला आणि मग पासिंग करून आणलं. साडेअकरा फूट लांब, पावणेसहा फूट रुंद, ओढायला जुनी बोलेरो. गावात त्याला कोणी कॅरॅव्हॅन म्हणत नाही. ‘डबा’ म्हणतात, आणि आता मीही तेच म्हणतो.

आमच्याकडे चार मीटरच्या आतली एसयूव्ही आहे. घरात आम्ही दोघं आणि दोन मुलं. आत संडास-बाथरूम असलेली एक जुनी परदेशी कॅरॅव्हॅन विकाऊ आहे, सोळा फुटी. ताम्हिणीतून दिवेआगरला नेऊ म्हणतो. घ्यावी का? लायसन-पासिंगचं काय? (पुणे)

घेऊ नका.

एवढ्यावर भागणार नाही, म्हणून कारणं सांगतो. सोळा फुटी कॅरॅव्हॅन रिकामीच टनाच्या आसपास भरते. त्यात पाणी, गाद्या, भांडी, मुलांच्या सायकली. पाण्याचा लिटर म्हणजे किलो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि टाकी भरताना सगळे विसरतात. तुमच्यासारख्या छोट्या एसयूव्हीला सहसा वेगळी चासी नसते, पत्र्याचं अंग हीच तिची चासी. बोलेरो, स्कॉर्पिओ यांच्या खाली शिडीसारखी चासी असते, तिला हूक धरायला जागा मिळते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात किती वजन ओढता येईल त्याचा आकडा शोधा. आकडाच नसेल तर उत्तर ‘नाही’ असं समजा. गॅरेजवाला म्हणेल, ‘लावून देतो की साहेब.’ मीही त्याच जातीचा माणूस आहे म्हणून सांगतो: तो हूक लावून देईल, पण वॉरंटी आणि विम्याची भानगड तुमची तुम्हाला निस्तरावी लागेल.

आणखी एक. जी कॅरॅव्हॅन युरोपातून आली असेल तिचं दार उजव्या अंगाला असतं, कारण तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. आपल्याकडे रस्त्याकडेला उभी केलीत की मुलं थेट वाहतुकीत उतरणार.

कागदांचं म्हणाल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेदेखील मोटार वाहनच आहे. म्हणजे त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, विमा वेगळा. भरल्या वजनाने 750 किलोपर्यंतचा ट्रेलर सगळ्यात हलक्या गटात, टी-1 मध्ये बसतो. माझा डबा भरून 690 होतो, तो मुद्दामच तसा केला. ‘घरी जोडला आणि निघालो’ असं करू नका. जुन्या परदेशी मालाचे कागद तर आधी आरटीओत दाखवा आणि मगच विसार द्या.

माझ्या डब्याची रुंदी कशी ठरली तेही ऐका. एका संध्याकाळी टेप घेऊन आमच्या वाडीतल्या रस्त्याने चालत गेलो. दोन गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली, सगळ्यात चिंचोळी जागा साडेसात फूट भरली. आरसे आणि माझी चूक यांसाठी पावणेदोन फूट सोडले. कोकणात गडगा चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा असतो आणि फायबर चिऱ्याला हरतं.

आंबा घाट उतरून साखरप्याच्या पुढे सरळ रस्त्याला लागलो आणि ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागला. ब्रेक मारला तर आणखीच. पाण्याची टाकी मागे आहे, सायकली मागच्या स्टँडवर होत्या. घाटात नीट होता, सरळ रस्त्यावर असं का? (कोल्हापूर)

तुमच्या पत्रातच उत्तर आहे: टाकी मागे, सायकली मागे. ट्रेलरचं नाक हलकं झालं की तो गाडीच्या मागे चालत नाही, गाडीला हलवतो. घाटात तुम्ही तीसने येत होता म्हणून गप्प होता, सरळ रस्ता मिळाल्यावर सत्तर गाठलीत आणि त्याने रंग दाखवला.

हसत नाही मी, कारण मी यातून गेलोय. पहिल्याच वर्षी बहिणीला कऱ्हाडला हापूसच्या पेट्या पोचवायच्या होत्या. चार पेट्या, एकेक विसेक किलोची. आंब्यांना हवा लागावी म्हणून मागच्या दारापाशी, जाळीजवळ रचल्या. कुंभार्ली घाट चढताना काही नाही. कोयनानगर सोडून पाटणच्या बाजूला उताराला लागलो, मागून एक ट्रक अंगाला घासून पुढे गेला आणि त्या वाऱ्याच्या फटक्याने डबा झुलू लागला. सौ. म्हणाली, ‘कोण हलवतंय?’ तोंडाला कोरड पडली. नशिबाने पाय ब्रेकवर गेला नाही. अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि दहा-बारा झोके खाऊन तो शांत झाला. झुलत्या ट्रेलरला उलटं स्टिअरिंग मारून सावरायला जाऊ नका, झोका वाढतो. जोराचा ब्रेकही नको. वेग आपोआप उतरू द्या.

आता उपाय. हुकावर ट्रेलरच्या भरल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हवा, फक्त गाडीच्या हुकाची मर्यादा ओलांडू नका. माझ्या डब्याचा 65 किलो आहे. मोजायला घरातला माणसं मोजायचा काटा पुरतो. डबा सपाट जागी उभा करा, चाकांना ठोकळे लावा, काट्यावर हुकाच्या उंचीचा लाकडी ओंडका उभा करा आणि ट्रेलरचं नाक त्यावर टेकवा. एकूण वजनासाठी चिऱ्याचे ट्रक जातात त्या वजनकाट्यावर जा. मी गेलो तेव्हा काटेवाल्याने विचारलं, ‘आत काय भरलंय?’ मी म्हटलं, ‘संसार.’ त्याने पैसे घेतले नाहीत.

टाकी चाकांच्या वर आणून बसवा. जड वस्तू चाकांच्या किंचित पुढे आणि तळाशी, सायकली गाडीच्या टपावर. आणि हुकाचा गोळाही एकदा मोजा. 50 मिलिमीटरचा आणि दोन इंचांचा असे दोन प्रकार मिळतात. फरक जेमतेम 0.8 मिलिमीटर, पण ट्रेलरचा त्यावर बसणारा कप दोन इंचांचा असेल तर त्यात 50 चा गोळा खुळखुळतो आणि खड्ड्यात उडू शकतो.

घाट तुम्ही पुन्हा उतरणारच, म्हणून हेही लिहून ठेवा. माझ्या डब्याला ओव्हररन ब्रेक आहेत. गाडी हळू झाली की डबा तिला मागून ढकलतो, आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात. लांब उतारावर तो सतत ढकलतच असतो, म्हणजे ब्रेक सतत घासतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, मध्ये एकदा जागा बघून थांबा, आणि हाताचा पालथा पंजा चाकाजवळ न्या. हात टेकवू नका, धग लांबूनच कळते. वास आला तर अर्धा तास चहा.

आम्ही दोघी बहिणी, माझ्या सासूबाई आणि एक मुलगी असे फिरतो. डबा घेतला तर कोकणात रात्री उभा कुठे करायचा? पुळणीवर चालतो का? आणि संडासाचं काय करता, हे कोणी लिहीतच नाही. (ठाणे)

ताई, हाच खरा प्रश्न.

पुळणीवर नाही. दुपारी दगडासारखी वाटलेली ओली वाळू भरतीला चाकं गिळते. कर्द्याला आणि हर्णैला दर मोसमात कोणाची तरी गाडी अर्धी पाण्यात दिसते आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. त्याशिवाय वेळास, आंजर्ले या भागात थंडीत कासविणी अंडी घालायला येतात आणि पुढे होळीच्या आगेमागे पिल्लं निघतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. तुमच्या डब्याचा दिवा त्यांना समुद्राऐवजी गावाकडे नेईल.

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मी मात्र आजवर लोकांच्या खळ्यातच, म्हणजे घरापुढच्या अंगणातच उतरलो. घरगुती खानावळ किंवा राहण्याची सोय असलेलं घर शोधायचं, दिवसाउजेडी पोचायचं, डबा रस्त्यावरच ठेवून आत जायचं आणि विचारायचं: ‘रात्रीपुरता खळ्यात उभा करू का? जेवण तुमच्याकडेच घेऊ.’ हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. सासूबाई बरोबर आहेत ना, त्यांना पुढे करा. गुहागरला एका आजींनी आम्हाला आधी साफ नाही म्हटलं. मग सौ.च्या माहेरचं गाव विचारलं, आणि रात्री कुळथाचं पिठलं डब्यापर्यंत आलं.

जागा मिळाली की आधी वर बघा. माडाखाली डबा लावायचा नाही, कितीही सावली असली तरी. नारळ वेळ बघून पडत नाही. फणसाखालीही नको. सुरूच्या बनात सावली छान, पण खाली वाळू असते, तेव्हा आधी पायाने दाबून बघा. मग गवंड्याची पाणसळ फरशीवर ठेवून डबा समपातळीत आणा. ती माझ्या चमच्यांच्या खणातच असते.

आता संडास. आमच्याकडे खालची टाकी सुटी होणारा, वीसेक लिटरचा पोर्टेबल आहे. रात्रीपुरता आणि आजारपणापुरताच वापरतो, दिवसा यजमानांकडे. टाकी रिकामी करायची ती त्यांच्याच संडासात, विचारून. त्यात घालायचं निळं औषध फॉर्मालिनचं असेल तर ते त्यांच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, म्हणून तसलं आणू नका, जैविक घ्या किंवा नुसतं पाणी. आणि विहीर कुठे आहे ते विचारल्याशिवाय भांड्याचं साबणपाणीदेखील ओतायचं नाही. इथे खाली जांभा आहे, भोकाभोकांचा. वर ओतलेलं खाली जायला वेळ लागत नाही.

स्वयंपाक आत करावा की बाहेर? (सातारा)

बाहेर. एकदा आत बांगडे तळले, गादीला महिनाभर वास होता. शिवाय गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वरच्या खिडकीतून जात नाही, फरशीवर साठतो. सिलिंडर बाहेरच्या पेटीत ठेवा आणि पेटीच्या तळाला भोक ठेवा.

200 वॉटचं सोलर आणि 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी घेतो आहे. एक टनाचा एसी चालेल ना? (नाशिक)

सव्वा तास. ती बॅटरी म्हणजे साधारण 1,280 वॉट-तास, आणि एसी तासाला हजारभर खाणार. तुमचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसभरात आठशेच्या आसपास परत भरेल. त्यापेक्षा 12 व्होल्टचे दोन पंखे घ्या आणि खिडक्यांना जाळी लावा. कोकणात थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. डबा असा लावा की दोन समोरासमोरच्या खिडक्या त्याच्या वाटेत येतील. मे महिन्यात यायचंच असेल तर घामाची तयारी ठेवा, आम्हीही घामच गाळतो.

तुम्ही लिहिलं होतं की पावसाळ्यात ट्रेलर ताडपत्रीत गुंडाळून ठेवावा. तसं केलं. गणपतीला उघडला तर आत सगळी बुरशी आणि कपाटं फुगलेली. तुमचा सल्ला आम्हाला महागात पडला. (देवगड)

चूक माझी. ‘वरून झाका’ असं लिहायचं होतं, ‘गुंडाळा’ असं लिहून गेलो. जून ते सप्टेंबर इथल्या हवेतच पाणी असतं. गुंडाळलं की ते आत कोंडतं. आमच्याकडे डब्यावर चार वासे आणि पत्रे आहेत, बाजू उघड्या. आत गाद्या उभ्या करतो, कपाटांची दारं उघडी, फ्रिजच्या दारात लाकडाचा तुकडा, छताचा झरोका बोटभर उघडा. पंधरा दिवसांनी उघडीप बघून सगळी दारं-खिडक्या सताड उघडायची आणि पंखा लावायचा. ओल ओढायला कळीचा चुना ठेवतात काही जण. तो ठेवू नका, पाणी लागलं की भयंकर तापतो.

कपाटं फुगली म्हणजे साधं प्लाय वापरलेलं असणार. दुरुस्तीत मरीन प्लाय मागा, ‘710 चं’ म्हटलं की दुकानदाराला कळतं, आणि कापलेल्या कडा रंगाने बंद करून घ्या. पाणी कडेतूनच शिरतं. बिजागऱ्या, स्क्रू 304 चं स्टेनलेस म्हणून देतात, समुद्राकाठी त्यालाही तांबूस ठिपके येतात. 316 महाग पडतं, पण बाहेरच्या बाजूला तेच लावा. आणि दर फेरीनंतर चासी खालून गोड्या पाण्याने धुवा. झालेलं नुकसान मी भरून देऊ शकत नाही. दापोलीकडे आलात तर प्लाय बसवायला मात्र मी येईन.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर ट्रेलर घेतात का? (चिपळूण)

घेतात, पण जागा दोन गाड्यांची जाते, तशी भाड्याची बोलणी आधी करा. आणि उतरताना रिव्हर्स घ्यावा लागेल का तेही आधीच विचारून घ्या. ओव्हररन ब्रेकवाला ट्रेलर मागे ढकलला की ब्रेक स्वतःच लागतात. त्याची खिट्टी अडकवून मगच मागे घ्या, नाहीतर फेरीबोटवाले आणि मागचे मोटारसायकलवाले मिळून तुमचा उद्धार करतील.

खरी अडचण उताराची. पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि ट्रेलरची शेपटी घासते. वेळ काढायला इथली जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, सकाळी आणि संध्याकाळी. तेव्हा भांगाचे दिवस असतात, पाणी फार चढत-उतरत नाही, कधीही जा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, आणि पहाटे साडेपाच-सहाला पाणी तळाला गेलेलं असतं. म्हणजे त्या दिवशीची सकाळची पहिली फेरी सोडा, दोन तास मच्छी बघत बंदरावर बसा आणि नऊनंतरची घ्या.