शेक आणि गोळ्या एकत्र का?

प्रश्न : वडिलांच्या मेंदूतली ग्लिओब्लास्टोमाची (मेंदूच्या आक्रमक कर्करोगाची) गाठ काढली. आता शेकासोबत (रेडिएशनसोबत) टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या सांगितल्यात. आयुष्य खरंच वाढतं का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हो, बऱ्याच जणांचं वाढतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या शेकाने दोन वर्षांनी १०.४ टक्के रुग्ण हयात होते, गोळ्यांसह २६.५ टक्के. गाठीची एमजीएमटी तपासणी (गोळीने केलेलं गाठीचं नुकसान दुरुस्त करणाऱ्या जनुकाची) करून घ्याच. ‘मिथिलेटेड’, म्हणजे ते जनुक बंद, असं आल्यास फायदा जास्त. शेकाचे सहा आठवडे गोळी रोज, रविवारीही, उपाशीपोटी; उलटीची गोळी अर्धा तास आधी. दर आठवड्याला रक्त तपासा. प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या तर डॉक्टर गोळी थांबवतात. ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. आणि डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) मनाने एकदम बंद करू नका, मेंदूची सूज पुन्हा वाढते.