बॅशच्या व्हेरिएबलमध्ये नल बाइट टिकत नाही, मग बायनरी फाइल वाचायची कशी?

तुम्हाला पीएनजी चित्राची रुंदी काढायची आहे. त्यासाठी बॅश या शेलमध्ये (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) फाइलचे पहिले २४ बाइट व्हेरिएबलमध्ये घेतलेत, पण रुंदी चुकीची येते आणि 'इग्नोर्ड नल बाइट इन इनपुट' (इनपुटमधला नल, म्हणजे शून्य किमतीचा, बाइट गाळला) अशी वॉर्निंग दिसते. ती वॉर्निंग बंद कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. कृपया बंद करू नका, नेमकं काय बिघडलंय ते तीच सांगते आहे.

बॅश व्हेरिएबलची किंमत सी भाषेतल्या स्ट्रिंगसारखी ठेवतं, आणि ती स्ट्रिंग शून्य बाइट आला की संपते. त्यामुळे मधे शून्य ठेवायची सोयच नाही. डॉलर-कंसात, म्हणजे $(...) मध्ये, चालवलेल्या कमांडच्या आउटपुटमधले सगळे नल बाइट बॅश गाळून टाकतं. वॉर्निंग ४.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून येते. मॅकसोबत येणारं बॅश ३.२ आहे, तिथे हीच स्क्रिप्ट एक शब्दही न बोलता चुकीचा आकडा देईल.

८०० बाय ६०० चं चित्र घ्या. बाइट सोळामान (हेक्स) अंकांत लिहितो: पहिले ८ बाइट सहीचे (फाइल पीएनजी आहे हे सांगणारी खूण), पुढचे ४ पहिल्या खंडाच्या लांबीचे (०० ०० ०० ०डी), मग त्या खंडाचं नाव 'आयएचडीआर' ही चार अक्षरं, मग रुंदी ०० ०० ०३ २० आणि उंची ०० ०० ०२ ५८. यातले सात नल गळाले की हातात १७ बाइट उरतात. तुम्ही सोळा बाइट सोडून रुंदी वाचायला जाता, तेव्हा ती जागाच सरकलेली असते. 'गळालेली शून्यं परत भरू' हा उपायही चालणार नाही, कारण ती कुठून गेली याची खूण राहत नाही.

दुसरी गोष्ट तितकीच घातक आहे: डॉलर-कंस शेवटच्या न्यूलाइनही (ओळ संपवणारा बाइट, ०ए) कापतो. पीएनजीची सही ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए अशी आहे, म्हणजे तिचा शेवटचा बाइटच न्यूलाइन. फक्त सही व्हेरिएबलमध्ये घेतलीत तर सातच बाइट मिळतील. फाइल पाठवताना न्यूलाइनची अदलाबदल झाली तर लगेच कळावं, म्हणूनच हे बाइट सहीत मुद्दाम घातले आहेत. फार विचारपूर्वक केलेली रचना आहे ती!

म्हणून कच्चे बाइट पाइपमध्ये (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी जोडणी) किंवा फाइलमध्येच राहू द्या आणि व्हेरिएबलमध्ये फक्त मजकूर घ्या. फाइलचे बाइट आकड्यांत छापणाऱ्या 'ओडी' कमांडला पत्त्याचा रकाना बंद करायला, १६ बाइट ओलांडायला आणि पुढचे ४ एकेक करून दशमान आकड्यांत छापायला सांगा. वरच्या चित्रासाठी '० ० ३ ३२' मिळेल. पहिल्याला १६७७७२१६, दुसऱ्याला ६५५३६, तिसऱ्याला २५६ ने गुणा, चौथा तसाच मिळवा: ८००. चारही बाइट एकच आकडा म्हणून मागू नका. 'ओडी' तो मशीनच्या बाइट-क्रमाने वाचतं, पीएनजीत मात्र मोठा बाइट आधी असतो.

सगळा डेटाच व्हेरिएबलमध्ये हवा असेल तर बेस६४ (बायनरी डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) करून ठेवा, आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये नल टिकतो, पण बाहेरच्या कमांडला आर्ग्युमेंट म्हणून देता येत नाही, कारण कर्नलही (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आर्ग्युमेंटचा शेवट नलवरूनच ओळखतो.

उलट नल बाहेर पाठवायला काहीच अडचण नाही: 'प्रिंटएफ'ला बॅकस्लॅश-शून्य द्या आणि आउटपुट थेट फाइलमध्ये वळवा.