शिरा बंद झाल्या, पण पुढची वर्षे कशी जातील?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 58 आहे. मागच्या दिवाळीत पहाटे त्यांना अचानक रक्ताची उलटी झाली. लिव्हर सिरॉसिसमुळे अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटल्याचे तपासणीत दिसले. दुर्बिणीतून चार वेळा रबर बँड लावल्यावर डॉक्टरांनी शिरा पूर्ण गेल्याचे सांगितले. आता वडील ठणठणीत दिसतात. गोळीने नाडी मंद होते म्हणून ती बंद करावी आणि एखाद्या लग्नकार्यात थोडी घेतली तर काय बिघडते, असे ते म्हणतात. ते खरोखर बरे झाले आहेत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या वडिलांची फुटलेली शीर बरी झाली आहे, यकृताचा आजार मात्र तसाच आहे. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती आधी समजून घ्या. आतडी आणि प्लीहा यांच्याकडून येणारे रक्त पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून यकृतात जाते. सिरॉसिसमध्ये यकृत कठीण व गाठाळ झाले की, कालवा तुंबल्यावर पाणी जसे बांधाच्या कडेने वाट काढते, तसे हे रक्त अन्ननलिकेच्या पातळ शिरांमधून वाट काढू लागते. हा वाढलेला दाब पाऱ्याच्या 12 मिलिमीटरच्या वर गेला की शिरा फुटण्याचा धोका असतो.

बँड लावताना दुर्बिणीच्या टोकावरील पारदर्शक टोपीत फुगलेली शीर ओढून घेतात. ती जांभळासारखी टपोरी दिसते आणि तिच्या मुळाशी इवलेसे रबरी कडे बसवले जाते. काही दिवसांत तो भाग सुकून कड्यासकट गळतो आणि तिथे लहानसा व्रण राहतो. (हा व्रणही कधीकधी रक्तस्राव करतो, म्हणून बँडिंगनंतरचे पहिले दोन आठवडे मऊ आहार आणि सावधगिरी हवी.) म्हणजे बँडने पाण्याची एक फट बुजते, कालव्यातला तुंबारा हटत नाही. त्यामुळे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी शिरा पुन्हा फुगणे ही अपवादाची नव्हे, नेहमीची गोष्ट आहे.

दीर्घकाळाचे चित्र आकड्यांतून पाहू. पहिल्या रक्तस्रावानंतर काहीच उपचार केले नाहीत, तर एक-दोन वर्षांत सुमारे 60 टक्के रुग्णांना पुन्हा रक्तस्राव होतो. पूर्वी शिरेत इंजेक्शन देऊन ती गोठवत. 1939 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेली ही पद्धत सत्तरच्या दशकात पुन्हा रूढ झाली. पुढे अमेरिकेतील ग्रेग स्टीगमन यांनी रबर बँडची पद्धत आणली. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 129 रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यासात इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 48 टक्क्यांना, तर बँड लावलेल्यांपैकी 36 टक्क्यांना पुन्हा रक्तस्राव झाला. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे 45 आणि 28 टक्के होते. बँडिंग सरस ठरले खरे, पण सरस उपचारातही चारातील एकापेक्षा अधिक रुग्ण दगावले, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. शिरा नीट बांधल्या गेलेल्या रुग्णाचे पुढचे आयुष्य शेवटी यकृत किती काम करते यावरच ठरते. कावीळ वा पोटात पाणी नसलेला रुग्ण वर्षानुवर्षे चांगला राहतो. ज्याचे यकृत थकले आहे, त्याचा धोका बँडने फारसा टळत नाही.

म्हणूनच वडिलांची गोळी इतकी मोलाची आहे. प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल पोर्टल व्हेनमधला दाबच कमी करतात, आणि बँडिंग व गोळी एकत्र चालू असताना पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण कोणत्याही एका उपचारापेक्षा कमी राहते. नाडी मिनिटाला 55 ते 60 पर्यंत येणे हे औषध लागू पडल्याचे लक्षण आहे. चक्कर येत असेल किंवा वरचा रक्तदाब 90 च्या खाली जात असेल, तर डॉक्टर मात्रा कमी करतील. स्वतःहून एकाएकी गोळी सोडणे मात्र धोक्याचे आहे. दारूबाबत मला जराही सवलत देता येणार नाही, एका पेगचीही नाही. सिरॉसिसचे कारण दारू असेल, तर ती पूर्ण सोडल्यावर दाब उतरलेले आणि पोटातले पाणी ओसरलेले रुग्ण मी पाहिले आहेत. कारण हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, तर त्यावरही आज प्रभावी गोळ्या आहेत.

पहिली फेरतपासणी तीन ते सहा महिन्यांत आणि त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी दुर्बिणीने व्हावी. यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन टाळावे. डांबरासारखी काळी शी झाली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझी मुलगी 12 वर्षांची आहे. तिलाही अशाच रक्ताच्या उलट्या झाल्या, पण यकृत चांगले आहे, पोर्टल व्हेनच बंद आहे, असे सांगितले. तिचे पुढे कसे होईल?
– एक आई, जालना

उत्तर : ताई, वरचे आकडे तुमच्या लेकीला लावू नका. आपल्या देशात मुलांमध्ये हा आजार बराच आढळतो, आणि यकृत शाबूत असल्याने शिरा बंद झाल्यावर बहुतेक मुले मोठी होतात, शिकतात, संसार करतात. वर्षे गेल्यावर पित्तनलिकांवर दाब येऊ शकतो, म्हणून यकृताच्या रक्ततपासण्या चालू ठेवा. बँडिंगनेही रक्तस्राव आवरत नसेल, तर शिरा जोडण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. प्लीहा मोठी असेपर्यंत कबड्डीसारखे पोटावर मार बसणारे खेळ टाळावेत. शाळेत धावायला, नाचायला तिला कुणी अडवू नये.