विचारा, लाजू नका : ‘स्टोरेज फुल’ आणि इतर दुखणी

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच कंपनीच्या खात्याबद्दल आहेत. मेल गूगलवर, फोटो गूगलवर, नकाशा गूगलचा, म्हटल्यावर दुखणंही तिथलंच असणार. ज्यांनी फोन नंबर देऊन ‘ताई, एकदा फोनवरच समजावा’ असं लिहिलंय त्यांना हात जोडून सांगते, मी ‘वरचे तीन ठिपके’ म्हणते आणि पलीकडून ‘कुठले ठिपके?’ एवढंच ऐकू येतं. लिहिलेलं बरं. कागद शेजारी ठेवून करता येतं.

प्रश्न : माझ्या फोनवर रोज ‘स्टोरेज फुल’ असा संदेश येतो. मुलगा म्हणतो, जुने फोटो उडवा. २०१७ पासूनचे लग्नामुंजीचे फोटो दुपारी बसून एकेक करून उडवतो आहे, तरी आकडा जागचा हलत नाही. आता तर विजेचं बिलही मेलवर यायचं थांबलंय. नवा फोन घेऊ का? — एक निवृत्त वाचक, मांजलपूर

उत्तर : काका, नवा फोन राहू द्या आणि आधी फोटो उडवणं थांबवा. तुमच्याकडे ‘फुल’ झालेल्या जागा दोन असू शकतात. एक तुमच्या हातातल्या फोनची. दुसरी गूगलच्या खात्याची, जी फोनमध्ये नसतेच. खात्याला फुकट १५ जीबी मिळतात आणि त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो अशा तिघांचा संसार चालतो. बिल येत नाही, याचा अर्थ खातं भरलंय. खातं भरलं की येणारी मेल पाठवणाऱ्याकडे परत जाते. जागा झाली की नव्या मेल सुरू होतील, परत गेलेल्या मात्र आपोआप येणार नाहीत. मधल्या महिन्यांची बिलं वीज कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

आता आकडा का हलत नाही ते. १ जून २०२१ पर्यंत गूगल फोटोजमध्ये ‘हाय क्वालिटी’ म्हणून चढवलेले फोटो कंपनीने अमर्याद आणि फुकट ठेवले होते. त्या तारखेच्या आधीचे असे फोटो आजही १५ जीबीच्या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे तुम्ही दुपारच्या दुपार खर्चून नेमके तेच फोटो काढताय ज्यांना भाडं नाही. नातवंडांच्या मुंजीचे फोटो उडाले आणि ‘गुड मॉर्निंग’चे गुलाब जागच्या जागी! उडवलेले फोटो ‘बिन’मध्ये ६० दिवस राहतात. आजच तिथे जाऊन ‘रिस्टोअर’ दाबा.

आणखी एक घोळ इथेच मिटवू. माझी नोकरी बडोद्यात मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेली, त्यामुळे मला हे ग्रंथालयाच्या भाषेतच सुचतं. गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ असं एक बटण आहे. ते दाबणं म्हणजे वाचनकक्षातली (फोनमधली) प्रत उचलणं, आतल्या दालनातली (खात्यातली) शाबूत राहते. ‘डिलीट’ दाबणं म्हणजे निर्लेखन, पुस्तक नोंदवहीतूनच बाद. बॅकअप घेतलेला, म्हणजे खात्यावर चढवलेला फोटो त्या अ‍ॅपमधून ‘डिलीट’ केला की फोनमधूनही जातो आणि खात्यातूनही. फोनची जागा भरली असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा, ‘डिलीट’ नको.

तुमची भरली आहे खात्याची जागा. ती खाल्ली कोणी? माझा पहिला संशय व्हॉट्सअ‍ॅपवर. अँड्रॉइडवरचा त्याचा बॅकअप पूर्वी खात्याच्या हिशेबात नसायचा. २०२४ मध्ये हळूहळू सगळ्यांचाच धरायला लागले. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, मग ‘चॅट बॅकअप’ असं जा आणि ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद करा. मग ‘स्टोरेज अँड डेटा’मधलं ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि सतरा ठिकाणांहून फिरून आलेले फॉरवर्ड तिथे वेगळे काढून ठेवलेले असतात. आपल्याकडे सोसायटीचा एक ग्रुप, भजनी मंडळाचा एक आणि शेजाऱ्यांचं रोजचं ‘जय श्री कृष्ण’, यातच एखादी जीबी सहज निघते. ही सफाई झाली की बॅकअप एकदा नव्याने घ्या, तेव्हा आकडा उतरतो.

मग जीमेल. शोधायच्या पट्टीत इंग्रजीत लार्जर, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून १० आणि एम असं लिहा. १० एमबीपेक्षा जड मेल सगळ्या समोर येतात. कुणाच्या तरी गृहप्रवेशाच्या पत्रिकेचा व्हिडिओ असतो तो तिथेच सापडतो. उडवल्यावर ‘ट्रॅश’ही रिकामा करा, नाहीतर ३० दिवस त्या मेल जागा अडवून बसतात.

एवढं करूनही भरलंच तर जादा जागा विकत घ्या, माझी हरकत नाही. पण सफाईच्या आधी घेऊ नका. आणि ‘बघू पुढे’ म्हणून सोडूनही देऊ नका. खातं सलग दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलं तर आतला मजकूर पुसण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे.

प्रश्न : नवीन फोन घेतला. दुकानातल्या मुलाने सगळं सुरू करून दिलं. घरी आले तर जुने नंबर नाहीत, फोटो नाहीत. ईमेल पत्ताही भलताच दिसतोय. दुकानदार म्हणतो, जुनं गेलं ते गेलं. — एक गृहिणी, वाघोडिया रोड

उत्तर : काही गेलेलं नाही, वहिनी. ‘बेन, नवुं आयडी बनावी दउं?’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असणार आणि मान हलवली असणार. त्या मुलाचाही फार दोष नाही, मागे चार गिऱ्हाइकं उभी असतात आणि जुना पासवर्ड आठवत बसण्यापेक्षा नवं खातं काढणं त्याला झटपट पडतं. पासवर्ड तो बिलाच्या मागे खरडतो आणि बिल पिशवीबरोबर कचऱ्यात जातं. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत ज्यांची जितके फोन तितकी खाती आहेत, आणि त्यातल्या एकाचाही पासवर्ड त्यांना ठाऊक नाही. नव्या फोनला नवं सिम लागत नाही, तसंच नवं खातंही लागत नाही, हे दुकानात ठासून सांगायचं.

जुना फोन अजून घरात आहे ना? एक्सचेंजमध्ये दिला नसेल तर निम्मं काम झालं. त्यात सेटिंग्ज, मग ‘अकाउंट्स’ उघडा. जुना पत्ता दिसेल. तो कागदावर उतरवून घ्या. नव्या फोनमध्ये त्याच जागी ‘अ‍ॅड अकाउंट’ करून तो घाला. नंबर आणि फोटो त्या खात्यावर चढवलेले असतील तर थोड्या वेळाने दिसायला लागतील. पासवर्ड आठवत नसेल तर ‘फर्गॉट पासवर्ड’ची वाट जुन्या फोनवरूनच धरा, तीही घरच्या वायफायवर बसून. फोन ओळखीचा आहे का, जागा नेहमीची आहे का, हे गूगल पाहतं. दुकानाच्या काउंटरवर अनोळखी फोनवरून तोच खटाटोप केलात तर नकार मिळण्याची शक्यता जास्त.

खातं हाती आलं की ‘रिकव्हरी फोन’ कुणाचा घातलाय ते बघा. बडोद्यात घरटी एक मूल परदेशात, आणि फोन लावून देणारं तेच. नंबर कॅनडाचा. आपल्याला दुपारी कोड हवा असतो तेव्हा चिरंजीव तिथे गाढ झोपेत! नंबर तुमचा स्वतःचा असू द्या. ‘टू-स्टेप’, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, सुरू असेल तर ‘बॅकअप कोड्स’ काढून ठेवा. आठ आकडी दहा कोड मिळतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. छापून मुदत ठेवीच्या पावत्यांबरोबर कपाटात. फ्रिजवर चिकटवू नका.

प्रश्न : बोलून टाइप करायला गेलो की माझं मराठी गुजरातीत उमटतं. उच्चार सुधारायचे का? — एक वाचक, रावपुरा

उत्तर : उच्चार ठीक असतील. माइक कीबोर्डच्या भाषेत ऐकतो. माइक दाबायच्या आधी स्पेसबारवर कोणती भाषा लिहिली आहे ते पाहा. गुजराती असेल तर स्पेसबार दाबून धरा आणि मराठी निवडा. यादीत मराठी नसेल तर जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेजेस’मधून ती जोडावी लागेल.

प्रश्न : हे जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांचा फोन मी चार्ज करून ठेवते, पॅटर्न मला माहीत आहे. पण गूगलचा पासवर्ड माहीत नाही. आमच्या नर्मदा परिक्रमेचे सगळे फोटो त्यांच्याच खात्यात आहेत. सिमचा रिचार्ज संपत आला आहे, मुलगी म्हणते आता बंद करून टाक. — एक भगिनी, कारेलीबाग

उत्तर : आधी रिचार्ज करा. पुढचं नंतर वाचा.

कारण असं, की खात्याची खरी किल्ली तो नंबर आहे. पासवर्ड विसरला तर कोड त्याच नंबरावर येतो. नंबर बंद पडला की ९० दिवसांनंतर तो कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते, मग कोडही त्या परक्या माणसाकडे जाणार. छोट्यात छोटा पॅक घालून नंबर जिवंत ठेवा आणि सवडीने मोबाइल कंपनीच्या दुकानात मृत्यूचा दाखला नेऊन तो तुमच्या नावावर करून घ्या. तोवर त्या फोनमधलं खातं काढू नका. ‘साफ करून देतो’ म्हणणाऱ्या भाच्यापुतण्याच्या हातीही फोन देऊ नका.

फोन उघडतोय, म्हणजे फोटो तुमच्यापासून दूर नाहीत. गूगल फोटोजमध्ये परिक्रमेचे दिवस निवडा, अल्बम करा आणि तो तुमच्या खात्याला पाठवा. तुमच्या फोनवर तो नुसता पाहून थांबायचं नाही. ‘सेव्ह’ दाबायला हवं, नाहीतर तो त्यांच्याच खात्यात राहतो आणि ते खातं बंद झालं की जातो. सेव्ह केलेल्या फोटोंची जागा तुमच्या १५ जीबीतून जाईल. मुलगी आली की तिच्याकडून पेन ड्राइव्हवर एक प्रत करून घ्या. बाकी खात्यात शिरू नका, आणि त्या फोनवरच्या बँकेच्या अ‍ॅपला तर हातच लावू नका. पैशांचं काम बँकेत अर्ज देऊनच करायचं.

कंपनीचा रीतसर मार्गही आहे. गेलेल्या माणसाच्या खात्याबद्दल एक अर्ज असतो, त्याला मृत्यूचा दाखला आणि तुमचं ओळखपत्र लागतं. खातं बंद करून देतात. आतला मजकूर देणं हा वेगळा विषय, त्यासाठी कोर्टाचा आदेशही मागू शकतात. पासवर्ड कुणालाच देत नाहीत. आणि काहीच केलं नाही तर? दोन वर्षं न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून पुसायला सुरुवात झाली आहे. म्हणून म्हणते, या महिन्यातच उरका.

इतर वाचकांसाठी : गूगलच्या खात्यात ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ म्हणून एक सोय २०१३ पासून आहे. खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने न वापरल्यास कुणाला कळवायचं आणि काय द्यायचं, ते आपणच ठरवून ठेवायचं. दहा जणांपर्यंत नावं घालता येतात. ‘डेटा अँड प्रायव्हसी’मध्ये खाली खाली जावं लागतं, इतकी उपयोगी गोष्ट एवढी आत का ठेवलीय देव जाणे. घरातल्या पुरुषांपुढे हा विषय काढला की ‘आत्ताच कशाला’ असं उत्तर येतं, ते मनावर घेऊ नका. जेवण वाढायच्या आधी करून घ्या.

प्रश्न : ‘गूगलमधून बोलतोय, तुमचं खातं आज बंद होणार, आलेला कोड सांगा’ असा फोन आला. हिंदी अगदी साफ होतं. मी ठेवून दिला. बरोबर केलं का? — एक वाचक, अकोटा

उत्तर : शंभर टक्के. गूगलचा माणूस फोन करून कोड विचारत नाही. तो कोड सांगणं म्हणजे खातं देणं. कुणी कोड सांगितलाच असेल तर लगेच पासवर्ड बदला, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तोही त्याच तासात. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

प्रश्न : आमचा वाडा दांडिया बाजारात, आत बोळात आहे. गॅसवाला आणि औषधवाला दोघंही नकाशा बघत मागच्या गल्लीत जाऊन उभे राहतात. उपाय? — एक आजोबा, दांडिया बाजार

उत्तर : नकाशात आपल्या दाराच्या जागी बोट दाबून धरा. लाल टाचणी उभी राहते आणि खाली अक्षरं-आकडे-अधिकचं चिन्ह असा एक छोटा कोड दिसतो. त्याला ‘प्लस कोड’ म्हणतात. तो घरबसल्या मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. कोडच्या पुढे वडोदरा लिहून तो औषधवाल्याला पाठवा, त्याने नकाशात टाकला की टाचणी तुमच्या दारातच पडेल. वाड्याची जागाच नकाशात चुकीची दाखवली असेल तर ‘सजेस्ट अ‍ॅन एडिट’मधून दुरुस्ती कळवता येते, ती तपासून मान्य व्हायला वेळ लागतो. तोवर औषधाच्या चिठ्ठीवर कोड आणि ‘गणपतीच्या देवळाशेजारचा जिना’ असं दोन्ही लिहीत जा.