लेक अणुवीज केंद्रात जायचं म्हणते

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. लेक मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजबरोबर तारापूरचं केंद्र पाहून आली आणि तेव्हापासून ‘गेट (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा) देऊन तिथंच जाणार’ म्हणते. तुमचं गाव राजापूर तालुक्यातलं, जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाविरुद्ध भावकी मोर्चाला गेलेली. लेकीच्या तब्येतीचं, पुढे मुलाबाळांचं काय होईल, या विचारानं तुम्हाला झोप लागत नाही.

आधी तब्येतीचं. किरणोत्सर्गाच्या भागात काम करणाऱ्याच्या छातीवर एक छोटा बॅज असतो. त्याला टीएलडी म्हणतात. अंगाला किती मात्रा लागली ते त्यावरून ठरावीक मुदतीनं मोजतात आणि प्रत्येकाच्या नावावर नोंदवतात. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (ही मात्रा मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. निसर्गातूनच माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. बाईनं गरोदर असल्याचं कळवलं की उरलेल्या दिवसांत गर्भासाठी मर्यादा फक्त १ मिलिसिव्हर्ट.

धोका खरा कुठे आहे, ते अणुभट्टी कशी चालते हे कळल्यावर लक्षात येतं. युरेनियमचा अणू फुटतो, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते. कोळशाच्या केंद्रातही शेवट हाच, फक्त इथे धूर नाही, राख नाही. तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी प्रत्येकी ५४० मेगावॉट वीज देते, त्यासाठी आत सुमारे तिप्पट उष्णता तयार होते. भट्टी बंद केली की अणू फुटायचं थांबतं, पण फुटलेल्या तुकड्यांची धग राहते. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे फुलत राहतात ना, तसं. बंद केल्याक्षणी ही धग शंभरेक मेगावॉट असते, मग झपाट्यानं उतरते, पण शून्य होत नाही. म्हणून पाणी फिरतं ठेवावंच लागतं. २०११ साली फुकुशिमाला भट्ट्या भूकंपाबरोबर बंद झाल्या होत्या. त्सुनामीनं जनरेटर बुडाले, पाणी थांबलं आणि भट्ट्यांचा गाभा, म्हणजे आतलं इंधन, वितळला. पंप, व्हॉल्व्ह, उष्णता काढून नेणं हेच तर मेकॅनिकलवाल्यांचं काम.

भावकीचा रागही मी उडवून लावणार नाही. वापरलेलं इंधन हजारो वर्षं सांभाळावं लागतं, केंद्र उभारायला वर्षानुवर्षं आणि अफाट पैसा जातो. तारापूरच्या याच दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, पुनर्वसनाचा वाद कोर्टात गेला. हे लेकीनं नोकरीआधी नीट वाचावं. मला वाटतं, गावाचं दुःख जाणणारी इंजिनिअर या खात्यात हवीच.

आता तिच्यासाठी. वाटा दोन. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, किंवा अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीत एक्झिक्युटिव्ह ट्रेनी. दोन्हीकडे गेटचे गुण चालतात, मग मुलाखत. भाभाची वेगळी ऑनलाइन परीक्षाही असते. पदवीला किमान ६० टक्के लागतात, तेव्हा राहिलेले विषय असतील तर ते आधी सोडवू दे. मुलाखतीत थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स मुळापासून विचारतात.

नेमणूक राजस्थानात रावतभाट्याला होऊ शकते, कर्नाटकात कैगाला किंवा तामिळनाडूत कुडनकुलमलाही. वसाहत शहरापासून लांब आणि कामाची पाळी रात्रीचीही. हे तिला चालेल का, ते तुम्ही दोघं बसून बोला.