फॉल्स क्लेम्स खटल्यातलं अपील: सरकारी वकिलांना कधी आणि काय कळवायचं

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टखाली (सरकारकडे खोटी बिलं लावून पैसे उकळणाऱ्यांविरुद्धचा कायदा) रिलेटरने, म्हणजे सरकारच्या वतीने दावा लावणाऱ्या खासगी व्यक्तीने, दावा लावला, सरकारने त्यात उतरायला नकार दिला, जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. आता अपील करताना न्याय खात्याच्या वकिलांना कळवावं लागतं का?

कळवायचंच. पण आधी मुदत बघा, कारण अपील बुडतं ते तिथे. अमेरिकी सरकार पक्षकार असेल तर निकालाच्या नोंदीपासून ६० दिवस, नाहीतर ३०. शीर्षकात ‘युनायटेड स्टेट्स एक्स रेल.’ (अमुकच्या सांगण्यावरून अमेरिकी सरकार) दिसतं म्हणून भलेभले ६० धरून बसतात. आयझेनस्टाइन विरुद्ध न्यूयॉर्क शहर या खटल्यात नोटीस ५४व्या दिवशी दाखल झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एकमताने ठरवलं की सरकार दाव्यात उतरलेलं नसेल तर या मुदतीपुरतं ते पक्षकार नाही. अपील गेलं. समजा निकालाची नोंद ३ मार्च २०२५ ची आहे, तर तुमची तारीख २ एप्रिल. २ मे नव्हे. सरकार मोजक्याच मागण्यांपुरतं उतरलं असेल तरी ३० धरूनच चाला. ‘सरकारचं मत आलं की दाखल करू’ हा विचार मनातून काढून टाका.

आता कळवण्याचं. सरकारने नकार देताना न्यायालयात जी नोटीस दाखल केली होती, ती फाइलमधून काढून वाचा. या कायद्याच्या कलम ३७३०(सी)(३) प्रमाणे सरकारने मागितलं तर प्लीडिंग्जच्या (दावा, जबाब अशा कागदांच्या) प्रती द्याव्याच लागतात, आणि त्या नोटिशीत बहुधा नोटीस ऑफ अपीलची (अपील करतोय असं कळवणाऱ्या कागदाची) प्रतही मागितलेली असते. ‘ई-फायलिंगमधून गेलीच असेल’ यावर विसंबू नका. जिल्हा न्यायालयाच्या डॉकेटवर (खटल्याच्या नोंदवहीत) सरकारी वकिलाचं नाव असलं तरी सर्किट कोर्टाचं, म्हणजे अपील न्यायालयाचं, डॉकेट नव्याने उघडतं, आणि त्यावर ते नाव आपोआप येईलच असं नाही.

म्हणून दाखल केल्याच दिवशी थेट ईमेल करा: खटला हाताळणारे सहायक यू. एस. अ‍ॅटर्नी (त्या जिल्ह्यातले सरकारी वकील) आणि न्याय खात्याच्या सिव्हिल डिव्हिजनमधल्या फ्रॉड सेक्शनचे वकील, दोघांनाही. अपिलं बघणारे वकील त्याच खात्यात पण वेगळ्या विभागात बसतात, तेव्हा ‘अपेलेट स्टाफकडे पाठवावे’ असं स्पष्ट लिहा. सोबत निकालपत्र, नोटीस ऑफ अपील, दोन्ही न्यायालयांचे क्रमांक, ब्रीफचं (लेखी युक्तिवादाचं) वेळापत्रक आणि अपिलातले मुद्दे दोन-तीन ओळींत. मुद्दे मोघम लिहिलेत तर पत्र नुसतं फाइलला लागतं. ‘नियम ९(बी) खाली प्रत्यक्ष खोटं बिल दाखवावंच लागतं का’ (फसवणुकीचा आरोप तपशिलाने मांडायला सांगणारा दिवाणी नियम) असं नेमकं लिहिलंत तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की यात सरकारचं हित आहे.

एवढी घाई का? सरकारला अमिकस ब्रीफ (पक्षकार नसताना न्यायालयापुढे मांडलेलं लेखी मत) द्यायला कोणाची परवानगी लागत नाही, पण मुदत असते: ज्या पक्षाला पाठिंबा त्याचं मुख्य ब्रीफ दाखल झाल्यापासून ७ दिवस, आणि कोणाच्याच बाजूने नसेल तर अपीलकर्त्याच्या ब्रीफपासून ७. त्याआधी सॉलिसिटर जनरलची (सरकारची अपिलं ठरवणाऱ्या न्याय खात्यातल्या अधिकाऱ्याची) मंजुरी घ्यावी लागते. ती आठवड्याभरात होण्यातली गोष्ट नाही. तुमच्या ब्रीफला मुदतवाढ मिळाली तर त्यांचंही गणित बदलतं, तेही कळवा.

विरुद्ध बाजूने क्वी टॅम तरतूदच (खासगी व्यक्तीला सरकारच्या वतीने दावा लावू देणारी) घटनाबाह्य आहे असा मुद्दा काढला तर प्रकरण वेगळं. फ्लोरिडातल्या झाफिरोव्ह खटल्यात ३० सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायाधीशांनी तसा निकाल दिल्यापासून प्रतिवादी हा मुद्दा हमखास घालतात. सरकार पक्षकार नसेल तर अपील नियम ४४ प्रमाणे मुद्दा काढणाऱ्यानेच सर्किटच्या क्लार्कला लेखी कळवायचं असतं, मग क्लार्क ते अ‍ॅटर्नी जनरलना कळवतो. जबाबदारी त्यांची असली तरी तुम्हीही फ्रॉड सेक्शनला लगेच सांगा.

अपील प्रतिवादीने केलं तरी कळवायचं. त्यातही कलम १२९२(बी) खाली मधल्याच आदेशावर परवानगी मागितली असेल तर त्याच दिवशी, कारण तुम्हाला उत्तराला १० दिवसच मिळतात.

निकालात ‘विथ प्रेज्युडिस’ (तोच दावा पुन्हा लावता येणार नाही अशा रीतीने फेटाळला) असेल तर सरकारचा हक्क राखून ठेवलाय का तेही बघून पत्रात लिहा. सरकारी वकील ती ओळ आधी शोधतात. आणि अपील चालू असताना तडजोडीची बोलणी निघाली तर मसुद्यावर सही होण्यापूर्वी त्यांना दाखवा. दावा काढून घ्यायला न्यायालय आणि अ‍ॅटर्नी जनरल या दोघांची लेखी संमती लागते, आणि सरकार उतरलं नव्हतं म्हणून ती अट सुटलीच असं धरू नका.