खाडीसाठी काम करायचंय, पण पदवी कोणती घेऊ?

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाव छापू नका म्हणालीस, म्हणून इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी धरमतर खाडीच्या काठावरच्या गावातली, बारावी सायन्सला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेली. वडील होडीवर, आई मासळी विकते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं धडकली आणि तेल सांडलं, तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला त्यातलं काही आठवत नाही, पण ‘त्या साली मावरं (मासळी) कुणी घेईना’ हे आजीच्या तोंडून ऐकतच ती वाढली. आता तिनं तेलात माखलेला पेलिकन धुतानाचा व्हिडिओ पाहिलाय आणि हेच करायचं असं ठरवलंय. क्लासचे सर म्हणतात, मरीन बायोलॉजीत नोकऱ्या नाहीत. बाबा म्हणतात, ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दे, नाहीतर नर्सिंग कर. पत्रासोबत तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या एका झाडाच्या, मुळांचा मोबाइलवर काढलेला फोटो जोडलाय. प्रश्न एकच आहे: खाडीला तेलापासून वाचवायचं तर मी कोणती डिग्री घेऊ?

अशी डिग्री नाही, बाळा. कुठल्याही विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ती तुला सापडणार नाही. तेल सांडतं तेव्हा किनाऱ्यावर जी माणसं जमतात त्यांत जहाजावरचे अधिकारी असतात, रसायनशास्त्रज्ञ असतात, नकाशे करणारे, पशुवैद्य, मत्स्यशास्त्रज्ञ, वनखात्याची माणसं, विम्याचे सर्वेक्षक, वकील आणि बादल्या घेतलेले कोळी असतात. प्रत्येकजण आधी आपापला धंदा नीट शिकलेला असतो आणि मग या कामाकडे वळलेला असतो. त्यामुळे तुझा प्रश्न मी जरा बदलते: यांतलं कुठलं काम तू चाळीस वर्षं कंटाळा न येता करशील?

पेलिकनपासूनच सुरुवात करू, कारण तुझं मन तिथं अडकलंय. पक्ष्याची पिसं एकमेकांत गुंतून पाणी आत शिरू देत नाहीत. तेल लागलं की ती वीण मोडते, थंड पाणी थेट कातडीला भिडतं आणि पक्षी गारठतो. वर तो चोचीनं पिसं साफ करत बसतो, म्हणजे तेल पोटात जातं. व्हिडिओत दिसतं ते साबणाचं पाणी आणि दात घासायचा ब्रश. दिसत नाही ते त्याआधीचं. आणलेला पक्षी लगेच धूत नाहीत. आधी त्याला ऊब देतात, नळीनं पाणी आणि क्षार देतात, रक्त तपासतात आणि तो थोडा सावरला तरच धुवायला घेतात, कारण अशक्त पक्षी धुण्याच्या धसक्यानंच दगावतो. हे काम पशुवैद्याचं. आणि एवढं करूनही बरेच पक्षी वाचत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पुराबरोबर चेन्नईजवळच्या एन्नोर खाडीत तेल पसरलं, तेव्हा तिथले पेलिकनही असेच माखले होते. खाडीतलं तेल उपसायला मात्र तिथले मच्छीमारच होड्या घेऊन उतरले होते, हातात मग आणि बादल्या. तुझ्या बाबांना हे वाचून दाखव.

पक्षी डोळ्यांना दिसतो, चिखल दिसत नाही. माझ्या मते खरं दुखणं चिखलात आहे. तू पाठवलेल्या फोटोत तिवराची जी पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं आहेत, त्यांतून झाड श्वास घेतं. त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात. ओहोटीला तेल खाली बसलं आणि त्याचा थर मुळांवर चढला की ती छिद्रं बुजतात आणि झाड गुदमरतं. पानं लगेच गळत नाहीत, त्याला आठवडे-महिने लागतात, तोवर कॅमेरे घेऊन आलेले सगळे परत गेलेले असतात. त्यातून काही तेल निवटी (चिखलात राहणारे मासे) आणि चिंबोऱ्यांच्या (खेकड्यांच्या) बिळांतून खाली उतरतं. खालच्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे तेल खाणारे जिवाणू तिथं फारसं काही करू शकत नाहीत. उघड्या कातळावरचं तेल लाटा काही महिन्यांत धुऊन नेतात, खाजणातलं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या चिखलाच्या जमिनीतलं, तेल मात्र कितीतरी वर्षं तसंच राहू शकतं. म्हणून तेलगळतीच्या दृष्टीनं किनाऱ्यांना १ ते १० असे क्रमांक देतात. लाटांचा मारा असलेला उभा कातळ १, आणि खारफुटी व दलदल १०. तुझं गाव दहावर आहे.

मग धावत जाऊन चिखल खरवडून काढायचा का? इथंच शिकलेल्या माणसाची गरज लागते. मार्च १९७८ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर अमोको कादिझ हे टँकर फुटलं आणि दोन लाख टनांहून जास्त कच्चं तेल समुद्रात गेलं. तिथल्या एका दलदलीत अवजड यंत्रं घालून तेलासकट वरचा थर उचलला. स्वच्छ दिसायला लागली. पुढची वर्षं अभ्यासकांनी मोजमाप केलं तेव्हा निघालं भलतंच: जिथं हात लावला नव्हता ती दलदल आधी सावरली, आणि जिथून माती उचलली होती तिथं जमिनीची पातळीच खाली गेल्यानं गवताला परत रुजायला फार वेळ लागला. कांदळवनात पन्नास स्वयंसेवक बूट घालून उतरवले तरी तेच होतं, पायांनी तेल आणखी खोल दाबलं जातं. ‘इथं कुणी उतरायचं नाही’ हे मंत्री, पत्रकार आणि चिडलेले गावकरी समोर असताना ठामपणे सांगता येणं, हे या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड कौशल्य. त्यासाठी हातात आकडे लागतात.

आता नोकऱ्यांबद्दल. तुझे सर अर्धे बरोबर आहेत. करिअर मेळाव्यांत मरीन बायोलॉजी म्हटलं की पडद्यावर डॉल्फिन येतो, आणि डॉल्फिनच्या मागं पोहण्याच्या नोकऱ्या खरंच नाहीत. पण तेलाच्या बाबतीत आपल्याकडे एक राष्ट्रीय आराखडा आहे. १९८६ पासून समुद्रातल्या तेलगळतीला तोंड देण्याची मुख्य जबाबदारी तटरक्षक दलाकडे आहे आणि १९९६ मध्ये हा आराखडा लागू झाला. त्यात ७०० टनांपर्यंतच्या गळतीला पहिला उतारा त्या-त्या बंदरानं आणि तेल हाताळणाऱ्या कंपनीनं स्वतःच्या साधनांनी द्यायचा असतो. म्हणजे जिथं तेल चढतं-उतरतं तिथं आराखडा, सामग्री आणि प्रशिक्षित माणसं असावीच लागतात. कागदावर सगळं असतं आणि ऐन वेळी बादल्याच कशा निघतात, हा प्रश्न तू विचारशीलच. चांगला प्रश्न आहे. नोकरी लागल्यावर आतून विचार. मुंबईच्या २०१० च्या अपघातात सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज होता. म्हणजे ही ७०० ची रेघ कागदावर वाटते तितकी लांब नाही.

या नोकऱ्यांत बहुतेक दिवस काहीच घडत नाही. ते आधीच समजून घे, कारण धडाडीच्या मुलांना हेच सोसत नाही. वर्षातले साडेतीनशे दिवस नकाशे अद्ययावत करायचे, कवायती घ्यायच्या, बूम तपासायचे. बूम म्हणजे तेल अडवायला पाण्यावर टाकतात ते तरंगतं कुंपण. ते खाडीच्या तोंडावर सरळ आडवं टाकलं की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पण प्रवाह ताशी साधारण १.३ किलोमीटरच्या वर गेला की तेल त्याच्या खालून निसटतं. आपल्याकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं, ओहोटीला खाडी कशी पळते ते तुला मी काय सांगू! म्हणून कुंपण तिरकं लावून तेल एखाद्या शांत कोपऱ्याकडे वळवायचं आणि तिथून उपसायचं. तो कोपरा कुठला, तिथं गाडी जाते का, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते त्या दिवसांत, पाणी किती उरतं, हे आधी लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञाला ते ठाऊक नसतं. तुझ्या बाबांना असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

तर तुझ्यासाठी माझी पहिली पसंती रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. बी.एफ.एस्सी. चार वर्षांची. त्यात मासे, पाणी, तळाचा चिखल, मासेमारीचं अर्थकारण सगळं येतं, आणि पुढे तेलाचं काम नाही मिळालं तरी मत्स्यखातं, बँका, कोळंबी संवर्धन अशा वाटा उघड्या राहतात. नंतर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जलपर्यावरण व्यवस्थापनाची एम.एफ.एस्सी. करता येते. साध्या बी.एस्सी.वरून गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाकडे जाणं हा दुसरा रस्ता. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही तिथंच आहे, पण संशोधनाची वाट लांब, पीएच.डी.पर्यंत दहा वर्षं धर, आणि मधली बरीच वर्षं शिष्यवृत्तीवर.

पेलिकन सुटतच नसेल तर पशुवैद्यक. आणि इथं बाबांचं म्हणणं कामाला येतं, कारण बी.व्ही.एस्सी.ला आपल्याकडे प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो. तेव्हा नीटवरून घरात भांडू नकोस, फॉर्म भर. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मात्र रोजचं काम गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांचं असेल, पेलिकन कधीतरी. ते मान्य असेल तरच जा.

गणित सोडलं नाहीस हे उत्तम केलंस. तटरक्षक दलात असिस्टंट कमांडंटच्या मुख्य शाखेसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. मुलींसाठीच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाच, क्लासवाल्यांच्या पत्रकात नको. शिवाय तेल उद्या कुठल्या किनाऱ्याला लागेल हे वारा-प्रवाहांवरून सांगणं हा निव्वळ गणिताचा खेळ आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था असे अंदाज देते. उपग्रहचित्रं आणि नकाशांचं एखादं सॉफ्टवेअर, वरच्यापैकी कुठलीही वाट धरलीस तरी, पदवी करतानाच शीक.

पैशांचं खरं सांगते, नाहीतर बाबा म्हणतील मॅडमनी फक्त स्वप्नं दाखवली. राज्यात खारफुटी सांभाळणारा वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे आणि आपल्या भागात त्यांचं काम तू पाहिलंही असशील, पण अशा प्रकल्पांतल्या बऱ्याच संशोधन जागा कंत्राटी असतात. संस्थांमधलं सुरुवातीचं वेतन नर्सिंगपेक्षा कमी असू शकतं. बंदरं आणि तेल कंपन्यांचे पर्यावरण विभाग त्यापेक्षा बरे देतात. तिथं काम करणं म्हणजे शत्रूला मिळणं, असं तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावरून तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही. बूम कुठे ठेवलाय हे ज्याला माहीत असतं तो माणूस पहिल्या सहा तासांत जेवढी खाडी वाचवतो, तेवढी नंतर कुठलाही मोर्चा वाचवू शकत नाही. मोर्चा काढू नये असं नाही हं. परदेशी जाण्याचा विचार पदव्युत्तरच्या वेळी करू, आत्ता नको.

एक काम मात्र बारावीची परीक्षा सांभाळूनही करता येईल. भरपाईचा दावा उभा राहतो तेव्हा पहिला प्रश्न येतो, आधी इथं काय होतं? आजीला आठवतं, पण आजीच्या आठवणीवर दावा टिकत नाही. घराजवळच्या खाजणातली एक जागा ठरव, चार काठ्या रोवून चौकोन आख. दर महिन्याच्या अमावास्येला, पूर्ण ओहोटीला, तिथं जा. चौकोनात तिवराची मुळं किती, चिंबोरीची बिळं किती, निवट्या दिसल्या का, कालवं जिवंत आहेत का, ते वहीत लिही. त्या दिवशी बाबांच्या जाळ्यात जिताडा लागला की नाही तेही लिही, बोईट किती आली तेही. नावं तुमच्याकडची लिहिलीस तरी चालेल, शास्त्रीय नावं कॉलेजात शिकशील. चिखलावर तेलाचा तवंग किंवा डांबरगोळे (घट्ट झालेल्या तेलाचे काळे गोळे) दिसले तर हात लावू नकोस, फोटो काढ आणि तारीख टाक. कॉलेजच्या मुलाखतीला ही वही घेऊन गेलीस तर समोरचे प्राध्यापक गुणपत्रिका बाजूला ठेवतील, हे मी अनुभवानं सांगते.

प्रवेशाचे अर्ज भरण्याआधी बाबांना घेऊन एकदा शिरगावला जाऊन ये. आणि पुढचा फोटो पाठवशील तेव्हा मुळांशेजारी एक पट्टी ठेव, तारीख आणि ओहोटीची वेळ खाली लिही. या फोटोवर तिन्ही नव्हत्या.